बॉनेटखालची बरणी

मी बोलतेय ती काचेची बरणी. आता पुरती बरणीही उरले नाही, पण बोलण्यापुरती आहे. मोडक्या वस्तूचं काय ऐकायचं असं ज्याला वाटत असेल त्याने खुशाल उठावं. बसणाऱ्याने मात्र नीट बसावं, कारण मध्ये अडवलेलं मला खपत नाही.

जन्म माझा भट्टीतला. वाळू वितळून लालबुंद झाली, साच्यात पडली, वरून वाऱ्याचा एक झोत बसला आणि मी पोकळ झाले. पोकळ म्हणजे टाकाऊ नव्हे हो. बरणीची सगळी लायकी तिच्या पोकळीतच असते. आम्ही ओळीने थंड होत होतो तेव्हा माझ्या शेजारची ताडकन फुटली. कुणी हात लावला नव्हता, काही नाही. मी ऐकलेला पहिला आवाज तोच. काच म्हातारी होत नाही, अंथरुणाला खिळत नाही. ती असते, आणि मग नसते. हे जिला जन्मतःच कळलं, तिने भित्री व्हायचं नाही तर काय व्हायचं?

मध भरून मी दुकानात आले आणि मध संपल्यावर एका स्वयंपाकघरात साखरेची बरणी झाले. सुखाचे दिवस होते. पत्र्याचं झाकण, झाकणाच्या मधोमध छोटासा खळगा. घरातली बाई साखर काढून झाली की त्या खळग्यावर अंगठा दाबून झाकण फिरवायची. तेवढीच तिची माझी सलगी.

ही बाई चष्मेवाल्याची बायको. चष्मेवाल्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. भिंतीला अक्षरांचा तक्ता, टेबलावर भिंगं घासायचं चाक, खणात चिमुकल्या स्क्रूंच्या डब्या. आठवड्यातले काही दिवस तो जुन्या गाडीतून डोंगरातल्या वस्त्यांवर जायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचा आणि पुढच्या फेरीला चष्मे पोचते करायचा. गाडी मात्र बायको चालवायची, कारण लोकांना दृष्टी वाटणाऱ्या या माणसाचे स्वतःचे डोळे फार अधू होते. चष्म्याच्या काचा अशा जाड, की त्यांच्या मागे त्याचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. कुठलीही गोष्ट बघायची तर नाक तिला टेकेपर्यंत जवळ जायचा. हे लक्षात ठेवा.

माणूस वाईट नव्हता. पण डोक्यात किडा होता. छत्रीला दिवा लाव, शिडीला चाकं लाव, असं त्याचं चालायचं. दिवा भिजला आणि शिडी पळाली. शेजारी त्याला 'शोधक' म्हणायचे आणि म्हणताना गालात हसायचे. तोही हसायचा, पण ते हसू ओठापलीकडे जायचं नाही. रात्री जेवताना मान खाली घालून जेवायचा. बाई त्याच्या ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही.

आणि एके दिवशी कुणीतरी पेट्रोल पंपावर त्याच्या कानात फुंकलं, की पाण्यातून बॅटरीची वीज सोडली की पाण्याचा वायू होतो, तो वायू इंजिनाला पाजला की पेट्रोल निम्मं लागतं.

"अहो, साखरेची बरणी कुठंय?" बाईने विचारलं.

"साखर कागदात ओतून ठेवलीय."

"मी साखर नाही विचारली."

"बरणी मोठ्या कामाला लागलीय."

"मग मुंग्यांना तसं कळवा."

मोठं काम म्हणजे काय, तर स्टीलच्या जुन्या ट्रेच्या पट्ट्या कापून, मध्ये प्लास्टिकच्या चकत्या घालून, त्यांची जुडी माझ्या पोटात बसवली. झाकणाला भोकं पाडली. दोन भोकांतून वायरी, तिसऱ्यातून रबरी नळी. पोटात पाणी आणि पाण्यात धुण्याचा सोडा. जिच्यात मध राहिला, साखर राहिली, तिच्यात धुण्याचा सोडा! बरं, अपमान गिळता येतो. भीती गिळता येत नाही.

वायर बॅटरीला लागली आणि माझ्या पोटात सळसळ सुरू झाली. पट्ट्यांच्या अंगावरून बारीक बुडबुडे उठायला लागले, दुधावर येतात तसे. चष्मेवाला नाक लावून बघत होता. "अगं, ये, बघ तरी." बाई हात पुसत आली. त्याने नळीचं टोक वाटीतल्या साबणाच्या पाण्यात धरलं, वर फेस आला, आणि त्याने त्या मूठभर फेसाला काडी लावली.

फट्ट! कुणी थोबाडीत मारावी तसा आवाज झाला. वाटी टेबलावरून उडाली, त्याच्या भुवईचे केस करपले, आणि माझ्या अंगातून अशी कळ गेली की भट्टीतली ती शेजारीण आठवली. मूठभर फेसाची ही ताकद. माझ्या तर पोटातच कारखाना काढला होता.

चष्मेवाला हसत होता. खरं हसत होता. बाई हसली नाही.

"हे माझ्या पायापुढे बसवणार?"

"पायापुढे नाही गं. इंजिनाशेजारी. मध्ये पत्रा आहे ना."

"पत्रा," बाई म्हणाली. 

बॉनेटखालचं जग मी तुम्हाला काय सांगू. उजेड नाही. एका अंगाला तापलेलं लोखंड, दुसऱ्या अंगाला बॅटरीचं आम्लाचं पोट. पंखा कधी फिरेल नेम नाही. मला लोखंडी पट्टीने आवळून बसवलं, खाली रबराचा तुकडा दिला, नळीचं दुसरं टोक इंजिन जिथून हवा ओढतं तिथे खुपसलं. किल्ली फिरली की सगळं थरथरायचं आणि माझ्या पोटात सळसळ सुरू व्हायची. बुडबुडा वर येई, झाकणाखाली जमे, नळीतून जाई. गेला की मी सुटकेचा श्वास सोडायची आणि तोवर पुढचे हजर. जीव मुठीत धरायला मला मूठही नव्हती.

माझ्याइतकीच घाबरलेली आणखी एकच जण त्या गाडीत होती. पत्र्याच्या पलीकडे बसायची ती.

आमच्यात शब्दाने बोलणं होणं शक्यच नव्हतं. पण तिचा पाय आणि माझं पाणी एकमेकांना ओळखायला लागले. पूर्वी ती चारचौघांसारखी गाडी चालवायची, म्हणजे दाबायचं आणि मग करकचून थांबायचं. आता ती पॅडलवर पाय ठेवायची तो झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा. वळण लांबून दिसलं की पाय काढून घ्यायची आणि गाडी आपल्या आपण घरंगळत वळणापाशी यायची. खड्डा दिसला की आधीच मंद व्हायची, जणू खड्ड्याची परवानगी काढायची होती. चढावर घाई नाही, उतारावर उधळणं नाही. मागून हॉर्न वाजले तरी नाही. माझ्या पाण्यावर लाट उठू नये, एवढाच तिचा हिशेब. मागचे ड्रायव्हर शेजारून जाताना तोंडाला येईल ते बोलून जायचे. ती काच वर करून घ्यायची.

आणि झालं काय? पूर्वी टाकी गळ्यापर्यंत भरली की वस्त्यांच्या दोन फेऱ्या जेमतेम व्हायच्या. आता तिसरी फेरी होऊनही काटा तळाला जाईना.

चष्मेवाल्याने कुणाला श्रेय दिलं असेल? मला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शेजारच्या सीटवरचा पाय त्याला दिसला नाही आणि बॉनेटखालचे बुडबुडे दिसले. पंपावर बॉनेट उघडून तो लोकांना मला दाखवायला लागला. पंपावरचा माणूस म्हणायचा, "या, पाण्यावर चालणारे." पण आता त्यात टवाळी नव्हती. दोन टेम्पोवाले, एक शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, एक निवृत्त पोस्टमन, सगळे येऊन माझ्यावर वाकून बघायचे. 'शोधक' हा शब्द तोच राहिला, म्हणणारी तोंडं बदलली.

रात्री जेवायला बसताना चष्मेवाला गुणगुणायला लागला. सूर धड नव्हता, शब्द तर नव्हतेच. मी दाराबाहेर गाडीत, खिडकी उघडी, मला सगळं ऐकू यायचं. बाई त्याला वाढता वाढता थांबायची आणि ऐकायची.

एकदा वस्तीवरून परत निघण्याआधी तिने पाणी बघायला बॉनेट उघडलं. माझ्यात बुडबुडा नव्हता. वायर कधीच निसटून लोंबत होती, जातानाच निसटली होती. चष्मेवाला मागे एका म्हाताऱ्याला चष्मा चढवून दाखवत होता. बाई वायरीकडे बघत राहिली. मग काट्याकडे जाऊन आली. काटा वस्तीवर पोचल्यावर नेहमी असतो तिथेच होता. ती परत आली, वायर हळूच जागेवर बसवली, आणि झाकणाच्या खळग्यावर अंगठा ठेवून म्हणाली, "आपल्या दोघींत ठेव."

ठेवलं. न ठेवून करते काय? पण मला तिचा राग आला होता, तो आजही लपवत नाही. तिला वाटलं, मी चालवतेय तोवर काही होत नाही. नवऱ्याचं गुणगुणणं टिकवायला माझ्या पोटात आग ठेवून दिली तिने. बायका हे करतात. घर हसतंय ना, मग जळतंय कुठे ते कशाला सांगा.

मग आला तिचा भाऊ.

भाऊ टॅक्सी चालवायचा. मनाने लाख, पायाने राक्षस. त्याची टॅक्सी गॅरेजात पडलेली, आणि भाऊजींच्या बरणीची कीर्ती त्याच्या थांब्यापर्यंत गेलेली. "मी एक फेरी चालवून बघतो," म्हणाला. "जमलं तर माझ्या टॅक्सीलाही बसवू. थांब्यावरचे सगळे मागतील."

"सगळे?" चष्मेवाल्याचा आवाज एकदम कोवळा झाला.

"मी चालवते की," बाई म्हणाली.

"ताई, तू गाडी चालवतेस की तिची समजूत काढतेस? मागच्या वेळी एक सायकलवाला मला विचारत होता, तुमच्या बहिणीला काही अडचण आहे का."

त्या फेरीत माझे काय हाल झाले ते मीच जाणे. तो पाय नव्हता, घण होता. पाणी झाकणावर आदळायचं, पट्ट्या एकमेकींवर घासायच्या, नळीतून फेस ओढला जायचा. इंजिन मोठ्याने धापा टाकायचं. एकच फेरी झाली आणि काटा तळाला टेकला.

घरी आल्यावर तिघं बॉनेटभोवती उभे राहिले. मेहुणा डोकं खाजवत म्हणाला, "भाऊजी, माझी टॅक्सी बरणीशिवाय एवढं पेट्रोल पिते."

बाईने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. तिच्या ओठांवर आलं होतं. पण चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर ती जुनी, खाली मान घालून जेवणाऱ्या माणसाची छाया पडायला लागली होती. तिने ओठ मिटले. आणि त्याने स्वतःच उत्तर शोधलं.

"औषध कमी पडलं," तो म्हणाला. "चढाला जास्त डोस हवा."

जरा विचार करा. रोग पायात, आणि डोस वाढला माझ्या पोटात. धुण्याचा सोडा गेला, मोरी तुंबल्यावर टाकतात तो जहरी सोडा आला. पट्ट्या वाढल्या. वायू वाया जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेला त्याने खिडकीच्या काचा बसवतात ती लांबी थापली, सगळीकडून पक्की. आणि इंजिन सुरू होतानाच वायू तयार मिळावा म्हणून वायर किल्लीवरून काढून थेट बॅटरीला जोडली. म्हणजे आता गाडी बंद केली तरी मी बंद होणार नव्हते.

वायर लागली तशी माझ्यात सळसळ नाही, उकळीच आली. अंग कोमट झालं, मग गरम. काचेला बाहेरून ऊन चालतं, पण आतून ताप चढला की ती स्वतःचीच वैरीण होते. मी बोलू शकले असते तर त्या अंगणात गळा फाडून ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. मेहुणा स्टिअरिंगवर, चष्मेवाला त्याच्या शेजारी, बाई मागे. डोंगरातल्या सगळ्यात वरच्या वस्तीचा चढ. मेहुणा गिअर पाडून गाडी रेटत होता. बॉनेटखाली हवा अशी तापली की रबरी नळी मऊ पडली, वाकली, आणि वाकली तिथेच दुमडून बसली.

वायूची वाट बंद. वायू मात्र येतच होता.

मी वर्षानुवर्षं भरलेली राहिले आहे. मध, साखर, पाणी, सगळ्यांचं ओझं खाली बसतं. हे ओझं खाली बसेना. ते चारी बाजूंनी ढकलत होतं. पट्ट्यांमधली एक चकती उष्णतेने वाकडी झाली होती आणि दोन पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या. त्या भिडल्या तर ठिणगी पडणार. फेसाला लावलेली काडी मला आठवत होती.

इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. मेहुण्याने गाडी कडेला घेतली. "तापलीय. थांबू जरा."

चष्मेवाला आधी उतरला. बॉनेट उघडलं. "बुडबुडे बघू कसे आहेत," म्हणाला आणि वाकला. नाक टेकेपर्यंत जवळ. त्या जाड काचांमागचे वाटाण्याएवढे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर आले.

मला माझं मरण दिसत होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याच्या डोळ्यांचं भय वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांना काच देणारा माणूस, आणि मी काच. मी फुटले तर जाणार कुठे? सगळी त्याच्या तोंडावर. मी सगळा जीव एकवटून अंग आवळून धरलं.

बाई पाण्याचा कॅन घेऊन पुढे आली आणि तिची नजर झाकणावर गेली. रोज अंगठा ठेवायची तो खळगा तिथे नव्हता. त्या जागी टेंगूळ आलं होतं. झाकण फुगलं की आत काय असतं हे स्वयंपाकघरात हात घालणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

"अहो, मागे व्हा."

"थांब गं. नळीतून काही जात नाहीये. बघू दे." तो आणखी वाकला.

"मागे व्हा म्हणते ना."

"एक मिनिट."

तिने त्याच्या दंडाला धरून ओढलं. त्याने हात झटकला. शोधाच्या नादात असलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही हे ती त्याच्या संसारात शिकली होती. तिने कॅन खाली ठेवला. आणि हळू, अगदी घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"त्या बरणीने एक थेंबही वाचवलेला नाही. वाचवलं ते माझ्या पायाने. बरणीला घाबरून मी हळू चालवत होते, म्हणून. वायर निसटली होती तेव्हाही तेवढंच पेट्रोल लागलं."

चष्मेवाला ताठ झाला. सावकाश तिच्याकडे वळला. त्याची पाठ माझ्याकडे झाली. त्याचा चेहरा मला दिसला नाही, आणि बरं झालं दिसला नाही.

मग मी सोडून दिलं.

पट्ट्या भिडल्या, आवाज झाला, आणि माझा वरचा भाग गेला. झाकण बॉनेटला आदळून कुठल्या कुठे उडालं. माझे तुकडे त्याच्या कोटात, मानेत, कानामागे घुसले. जहरी पाणी पाठीवर पडलं. मेहुणा दाराआड होता, तो तसाच खाली बसला. बाईने कॅन उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर पाणी ओतायला लागली. कोट फाडून काढला आणि पुन्हा ओतत राहिली.

"डोळे उघडा."

"उघडे आहेत."

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तू. रागावलेली."

तेव्हा ती रडली. मेहुणा उठून रस्त्याच्या कडेला गेला आणि पाठ करून उभा राहिला.  ती रुमालाने त्याच्या मानेतले तुकडे टिपत होती आणि तो डोंगराकडे बघत होता.

"पायाचं म्हणालीस ते खरं?"

"खरं."

"आणि वायरीचं?"

"तेही."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

तिने रुमाल पिळला. "तुम्ही गुणगुणायला लागला होतात."

 माझं जाड बूड पट्टीत तसंच आवळलेलं राहिलं होतं. ते त्याने सोडवलं, कोरडं केलं आणि खिशात घातलं. खाली उतरताना गाडी बाईने चालवली. भाऊ मागच्या सीटवर बसला आणि वाटेत एकदाही तिच्या चालवण्याला हसला नाही.

घरी आल्यावर चष्मेवाल्याने माझी फुटकी कड भिंगाच्या चाकावर घासली. एवढ्या मायेने त्याने मला कधी हाताळलं नव्हतं. आता मी त्याच्या टेबलावर असते. चष्म्यांचे चिमुकले स्क्रू माझ्यात ठेवतो. तो गुणगुणत नाही. पण जेवताना मान वर असते, असं बाईने भावाला सांगताना मी ऐकलं.

काम हलकं आहे, ऊन तिरपं येतं, उकळी नाही. तरी मला सुख नाही. रस्त्यावर कुणाची गाडी सुरू झाली की माझ्यातले स्क्रू शहारतात.

कारण लोक अजून येतात. टेम्पोवाले, टॅक्सीवाले, कुठून कुठून ऐकून. चष्मेवाला त्यांना बसवतो, कॉलर मागे ओढून मानेवरचे वण दाखवतो. "बरणी फुटली," म्हणतो. "पेट्रोल आजही तेवढंच लागतं. गाडी माझी बायको चालवते. शिकायचं असेल तर तिच्या शेजारी बसा." आत बाई भांडी घासता घासता थांबते.

लोक माना हलवतात. बाबांनो, नुसत्या माना हलवू नका. पाय हलका करा. लहानपणी भट्टीत फुटलेल्या माझ्या बहिणीची शपथ, माझ्या जातीची एकही बरणी इंजिनाजवळ नेऊ नका. तिच्यात साखर भरा, बटणं भरा, काहीच नसेल तर रिकामी ठेवा.

काल एक जण आला होता. सगळं ऐकून घेतलं, वण पाहिले, हळहळला. चपला घालताना मागे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ते सगळं खरं, पण बरणी केवढी होती?"